गोधड्यांची खानेसुमारी

लेक पाचवीत आहे. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तिनं दप्तरातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वर ‘माझा परिसर’ असं छापलेलं, खाली तीन चौकटी. भूगोल, लोकसंख्या, इतिहास. एकेक चौकट पोस्टकार्डाएवढी. पहिल्या चौकटीत तिनं शाळेतच लिहून टाकलं होतं, ‘आमच्या घरामागे तळे आहे.’ पुढचं आईनं सांगायचं.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात, हर्सूलला राहतो. कुठं राहता म्हणून विचारल्यावर मी ‘हर्सूल’ म्हटलं की मराठवाड्यातला माणूस हटकून हसतो. “आत का बाहेर?” मध्यवर्ती कारागृह आमच्याच गावात आहे, आणि ‘हर्सूलची हवा खाणं’ म्हणजे तळ्याकाठी फिरायला जाणं असा अर्थ आमच्याकडं कुणी घेत नाही. माझ्या लग्नात चुलत्यानं भर मांडवात “पोरीला जन्मठेप झाली” असं म्हणून सगळ्या वऱ्हाडाला हसवलं होतं. त्याला सोळा वर्षं झाली. आता तोच चुलता दवाखान्याच्या कामानं आला की चार-चार दिवस मुक्कामाला असतो आणि पहाटे उठून तळ्यावर जातो.

भूगोल तसा सोपा. शहर परातीत मांडल्यासारखं बसलेलं आहे. दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर (हा सातारा आमचा, कराडशेजारचा नव्हे), उत्तरेला जटवाड्याचे डोंगर, मधे सगळी वस्ती. परातीच्या उत्तरेच्या काठावर हर्सूल. अजिंठ्याला जाणारे पाव्हणे ज्या जळगाव रोडनं जातात तो गावाच्या अंगावरून जातो. पुढं सावंगी, चौक्याचा घाट, फुलंब्री. रस्ता सोडून आत वळलं की रसवंतीचा घुंगरू ऐकू येईनासा होतो आणि तळं दिसतं. काठाला बेशरमाची दाट झुडपं, त्याची ती फिकट जांभळी फुलं, मधे जलपर्णीची हिरवी चादर कधी असते कधी नसते. थंडीत चांदवे येतात. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. लेक लहान असताना त्यांना ‘वारकरी’ म्हणायची.

पहाटे भोई पाण्यात असतात. होडी वगैरे काही नाही. थर्माकोलचे जाड तुकडे खताच्या गोणीत भरून, गोणीचं तोंड शिवून टाकायचं आणि त्यावर मांडी घालून बसायचं. हाताला दोन तुटक्या प्लास्टिकच्या थाळ्या, त्याच वल्ही. इतक्या सामानावर माणूस तळ्याच्या मधोमध जाऊन जाळं सोडून येतो. जाळं ओढताना त्याचा गुडघा गोणीवर असा रुतलेला असतो की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. एकदा मी काठावरून विचारलं, “मामा, भीती नाही वाटत?” ते म्हणाले, “पाण्याची कशाला? भीती भाव पडायची.”

हे तळं ज्या नदीवर आहे ती खाम. ती याच डोंगरांत उगवते. उगवते म्हणजे पावसाळ्यात चार ओढे एका जागी येतात आणि त्यांना मिळून एक नाव पडतं. तळ्यातून सुटली की ती बेगमपुऱ्यावरून, पाणचक्कीला खेटून, छावणीतून पुढं वाळूजच्या बाजूनं जाते. शहरातून जाताना तिचं काय होतं ते शहरातल्या कुणालाही पुलावरून नाक दाबून जाताना कळायचं. अलीकडं छावणीच्या पट्ट्यात तिची साफसफाई झालीय, काठ बांधलेत, झाडं लावलीत. बरं दिसतं. शेवटी ती गोदावरीला मिळते. म्हणजे खरं सांगायचं तर नाथसागराला मिळते, कारण त्या जागी आता गोदावरीचं पात्र वेगळं असं राहिलंच नाही.

इथं मी लेकीला जरा थांबवलं. नाथसागर म्हणजे जायकवाडीचं धरण. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. या दोन तारखांच्या मधे माझं आजोळ पाण्याखाली गेलं. शंभराहून जास्त गावं गेली, त्यातलं एक. आईचा जन्म जुन्या गावचा, लग्न नव्या गावातून. नव्या गावाला नाव जुनंच दिलं, पण आजीनं मरेपर्यंत त्याला ‘कॅम्प’ म्हटलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या गावातल्या देवळाचा कळस दिसायचा. मग आजी चप्पल घालून गाळातून तिथवर जायची आणि परत येऊन कुणाशी बोलायची नाही.

आता गंमत अशी. हर्सूलचं तळं भरलं की सांडव्यावरून जे पाणी वाहतं ते खामेतून नाथसागरात जातं, माझ्या आजीच्या चुलीवर. आणि या शहराचं पिण्याचं पाणी नाथसागरातून येतं. नाथसागर १५२२ फुटांवर भरतो. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या माणसाला स्वतःची जन्मतारीख सांगता येणार नाही, पण हा आकडा पाठ असतो. शहर त्याहून तीनशे फूट तरी उंच आहे. म्हणजे जे पाणी आमच्या घरामागून फुकट खाली गेलं तेच पंपांनी वर चढवून, चाळीसेक किलोमीटर पाइपातून आणून, शुद्ध करून शहराला पाजायचं. नव्या योजनेचा नारळ डिसेंबर २०२० मध्ये फुटला तेव्हा ती १६८० कोटींची होती, नंतर २७४० कोटींवर गेली. हर्सूल तळ्याचं पाणीही शहराला जातं, जुन्या भागातल्या काही वॉर्डांना. आमच्या गल्लीत अजून नळाची लाइन आलेली नाही. आम्ही टँकरवर. दोनशे लिटरचे निळे ड्रम दारापुढं ओळीनं उभे असतात, प्यायला वीस लिटरचा जार. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की तळं दिसतं आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर आलेला दिसतो. दोन्हीकडं बघायला गच्चीवर एकच जागा आहे. धुणं वाळत घालायची.

“आई, एवढं चौकटीत नाही बसणार.”

तिनं ‘तळ्याचे पाणी नाथसागरात जाते व परत येते’ असं लिहिलं. बसलं की!

इतिहासाच्या चौकटीत काय लिहायचं हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मलिक अंबर. शाळेची सहल पाणचक्कीला गेली होती, तिथं भिंतीतून पाणी कोसळताना बघून पोरी ओरडत्या झाल्या होत्या. मी फक्त ते पाणी कुठून येतं ते सांगितलं. आपल्याकडून येतं.

हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली. नाव खडकी. यावरून जमीन कशी होती ते कळावं. अशा खडकावर राजधानी करायची तर पाणी हवं, आणि त्यानं ते आडात किंवा तलावात शोधलं नाही, डोंगराच्या पायथ्याला जमिनीच्या पोटात शोधलं. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, पायथ्याला झिरपतं. तिथं भुयारासारखी नळी खणून ते गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचं. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. उतार इतका कमी ठेवायचा की पाणी धावणार नाही आणि थांबणारही नाही. जागोजागी उघडी तोंडं ठेवलेली, आत उतरून साफ करायला. मधे दगडी मनोरे, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडायला, म्हणजे नळीत हवा अडकत नाही. ही नहर-ए-अंबरी. तिचं तोंड शहराच्या उत्तरेला, आमच्या हर्सूल-सावंगीच्या अंगाच्या डोंगराकडं. पुढं मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, खडकीचं फत्तेनगर झालं, १६५३ नंतर औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली तशा नहरी वाढत गेल्या. पाणचक्कीची नहर अठराव्या शतकातली, तिची सुरुवात जटवाड्याच्या एका विहिरीपासून. तिथून सात-आठ किलोमीटर पाणी जमिनीखालून जातं आणि पाणचक्कीला भिंतीवरून पडून जातं फिरवायचं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, विद्यार्थ्यांना त्या जात्यावरचं पीठ.

मला यात एक गोष्ट कायम बोचते. चारशे वर्षं पाणी या गावाच्या पायाखालून गेलं, आणि इतिहासात नाव आलं ते पाणी जिथं पोचलं त्या जागांचं. पाणचक्कीला तिकीट काढून लोक जातात. जटवाड्याची विहीर बघायला कुणी जात नाही. मीही गेले नव्हते. लेकीच्या कागदामुळं एका रविवारी आम्ही दोघी स्कूटीवर निघालो, जटवाडा रोडनं. दोन ठिकाणी विचारलं. पहिल्यानं प्लॉट दाखवला, दुसऱ्यानं स्वस्तातला प्लॉट दाखवला. तिसऱ्याला विचारायच्या आधी पाऊस आला आणि आम्ही एका टपरीत भजी खाऊन परतलो.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर फुलंब्रीकडचं, त्या ‘करू राहिली’ म्हणतात. मी पैठणची, मी ‘करायली’ म्हणते. लेक दोन्ही म्हणते आणि शाळेत गेली की ‘करत आहे’ म्हणते.

“काय लिहू राहिली पोरगी?”

“लोकसंख्या, आजी. हर्सूलची.”

आता हीच चौकट अवघड होती. मी मोबाइलवर शोधून बघितलं, जुने कागद बघितले. हर्सूल एकेकाळी वेगळं गाव होतं, त्याची खानेसुमारी वेगळी व्हायची. ८ डिसेंबर १९८२ ला शहराची महानगरपालिका झाली, भोवतालची अठरा खेडी तिच्यात घेतली, त्यात आम्ही. त्यानंतर गावाची ओळ नाही. १९९१ ला शहराची लोकसंख्या ५ लाख ७३ हजार २७२. २००१ ला ८ लाख ७३ हजार ३११. २०११ ला ११ लाख ७५ हजार ११६. त्यातल्या शेवटच्या सोळांत तळ्याकाठचं एखादं घर असेल. २०२१ ची जनगणना तर करोनात राहूनच गेली. वॉर्डांचे आकडे मिळतात, पण वॉर्डाची रेघ दर निवडणुकीला कुठून कुठं जाते ते एक परमेश्वर जाणे आणि दुसरा उमेदवार. एकदा आमची गल्ली एका वॉर्डात आणि आमच्या गल्लीतलं पिठाच्या गिरणीवाल्याचं घर दुसऱ्यात होतं.

आणि वाढ कसली झाली! मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागं ज्वारी होती. आता घरं आहेत. वीस बाय तीसचे प्लॉट, शंभर रुपयांच्या बॉण्डवर घेतलेले. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पण आमच्याकडं गुंठ्यानं जमीन विकणं त्याच्या आधीपासून चालू होतं आणि नंतरही थांबलं नाही. कोण कोण राहतं सांगू? गावठाणातली जुनी घरं, त्यांच्या जमिनी विकून झाल्यात, बंगले आहेत. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेले, बीड-जालना-परभणीहून आलेले लोक. तुरुंगातून निवृत्त झालेले शिपाई, ज्यांना अजूनही सकाळी सहाला आपोआप जाग येते. जुन्या शहरातल्या चार खोल्यांत बारा माणसं झाली म्हणून बाहेर पडलेली मुसलमान घरं. बुलढाण्याकडचे बांधकामावरचे मिस्त्री. समृद्धी महामार्ग सावंगीवरून गेला आणि ११ डिसेंबर २०२२ ला तो नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून तर पांढऱ्या गाडीतून उतरून बोटानं डोंगर दाखवणारी माणसंही वाढली आहेत. ती राहत नाहीत, पण असतात.

हे सगळं मी आत्याबाईंना सांगत होते. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“आमच्या टायमाला खानेसुमारीला मास्तर यायचे. बाजेवर बसायचे, चहा घ्यायचे अन् इचारायचे, बाई, घरात अंथरुणं किती पडतात रातच्याला? माणसं इचारली की बाया चुकायच्या. पोरी धरायच्या का नाई, बाळातपणाला माहेरी गेलेली धरायची का नाई. अंथरुणं इचारली की बरोबर सांगायच्या.”

मग लेकीकडं वळून, “दसरा काढायला जायचंच हाये. तिथं मोज.”

बाहेरच्यांसाठी सांगते. घट बसायच्या आधी घर झाडून, भांडी घासून, घरातलं एकूण एक पांघरूण धुवून काढायचं, याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. ‘काय बाई, दसरा निघाला का?’ हा पितृपाठातला नेहमीचा प्रश्न. हर्सूलला त्याला जरा जास्त धार, कारण नवरात्रात हरसिद्धी मातेची यात्रा भरते आणि नऊ दिवस घरात पाव्हणे. पावसाळा चांगला झाला तर तळ्याच्या सांडव्याखाली नदी वाहती असते आणि बाया तिथं धुतात. नाही झाला तर ड्रमाच्या पाण्यात एकेक गोधडी बुचकळून कसाबसा दसरा काढतात. २०१६ चा उन्हाळा मला आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेत होते आणि आमचं तळं तळ दाखवून होतं. तळात भेगा, एकेक भेग हात जाईल एवढी. गणपतीच्या मूर्तींच्या आतल्या काथ्या, चपला, एक सायकल, शिंपल्यांचा खच. शेतकरी ट्रॅक्टर लावून गाळ नेत होते, पोरं मधोमध क्रिकेट खेळत होती. तो थर्माकोलवाला भोई काठावर गोणीवरच बसलेला, पाण्यात बसल्यासारखा. आत्याबाईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ चौदाव्या वर्षी बघितलाय, रस्त्याच्या कामावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. “पाणी नसतं तेव्हा माणूस कळतो” असं त्या म्हणाल्या नाहीत, असलं त्या कधीच बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “बहात्तरला हात सोलले व्हते. सुकडी गोड लागायची.”

यंदा मात्र पाऊस लागून राहिला. तळं भरलं, सांडवा वाहिला. सर्वपित्रीच्या तीन दिवस आधी आम्ही निघालो. शेजारच्या छोटा हत्तीत आमच्या अकरा गोधड्या, तीन चादरी, दोन सतरंज्या, शेजारणींचं सगळं, आणि वर लेक, हातात वही.

सांडव्याखाली पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि निम्म्या दगडांवर बाया बसलेल्या होत्या. दगडाची जागा दरवर्षीची ठरलेली असते. आत्याबाईंचा दगड काळा, पाटासारखा, त्याला एका बाजूला खळगा आहे, साबण ठेवायला. तिथं कुणीतरी नवीन सून बसली होती. तिला उठवलं नाही, तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ती आपोआप उठली.

गोधडी धुणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कोरडी गोधडी तीन-चार किलोची असेल, भिजली की लेकराएवढी होते. आधी वाहत्या पाण्यात पसरून टाकायची आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. पाणी तिच्या खालून-वरून जातं आणि वर्षाची धूळ तांबूस होऊन बाहेर पडते. मग दगडावर ओढायची, पावडर टाकून पायानं तुडवायची, धोपटण्यानं बडवायची, उलटायची, पुन्हा बडवायची. बडवताना आवाज समोरच्या बांधावर आपटून परत येतो. वीस-पंचवीस बाया एकदम बडवायला लागल्या की कुणाचा आवाज कुठला ते कळत नाही. आमच्या गोधड्यांना वरून नऊवारी लुगडं, आत धोतरं, जुने टॉवेल, शाळेचे गणवेश. टाके कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधे येतात. लुगडं विरलं की आतलं काय आहे ते दिसतं. आमच्या एका गोधडीच्या कोपऱ्यात नवऱ्याच्या सातवीच्या खाकी चड्डीचा खिसा आहे, अख्खा, आत बोट घालता येतं.

लेक दगडांवरून उड्या मारत मोजत होती. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सुरुवातीला बायांना मजा वाटली. मग त्यांना पटलं की हे सरकारी आहे. “आमच्या सात लिही, दोन पाव्हण्याच्या हायेत, त्या वेगळ्या लिही.” “माझी धाकटी कायगावला दिली, तिची गोधडी घरीच हाये, धरू नको.” कुणी म्हणालं, यावरनं रेशन मिळणार का. आत्याबाई आपल्या दगडावरून सूचना करत होत्या. लेकुरवाळीच्या एका गोधडीत तीन माणसं धरायची. म्हाताऱ्याच्या दोन असतात, एक खाली एक वर, तिथं एकच माणूस. नवीन लग्न झालेलं असलं तर विचारायचं नाही, एक धरायची. मी आयुष्यात सांख्यिकीच्या परीक्षेला दोनदा बसले, पण एवढं नीट मला कुणी समजावलं नव्हतं.

मागच्या गल्लीतल्या आपा आल्या तेव्हा दहा वाजले होते. त्यांच्या दोन सुना, एक अ‍ॅपे भरून रजया. लेकीनं विचारलं, “आपा, तुमच्यात पण दसरा काढतात?” आपा पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. “दसरा तुमारा, बेटा. मैल तो सबकाच है. पानी आया तो धो लेना, हौ ना?” आणि रजया नऊ लिहायला लावल्या, त्यातली एक दुबईला असलेल्या मुलाची. ती धरायची का नाही यावर बराच खल झाला. आत्याबाई म्हणाल्या, येणार असला तर धर. आपा म्हणाल्या, हर साल बोलता, आता हूं. लेकीनं अर्धी रेघ ओढली.

दुपारी बारापर्यंत तिच्या वहीत २८६ रेघा झाल्या आणि ती अर्धी. यात नवीन कॉलनीतलं कुणी नव्हतं. त्यांच्याकडं ब्लँकेटं आहेत, वॉशिंग मशीन आहे, ती माणसं नदीवर येत नाहीत. ज्यांच्याकडं फक्त एक चादर आहे आणि ती धुतली तर रात्री पांघरायला काही नाही, तेही आले नाहीत. बांधकामावरचे मिस्त्री सिमेंटच्या गोण्यांवर झोपतात, त्यांचं काय धरायचं? म्हणजे सरकारच्या खानेसुमारीत आम्ही शहरात विरघळलो आणि लेकीच्या खानेसुमारीत वरचे आणि खालचे दोन्ही गळले. तिला मात्र हे मान्य नव्हतं. “मी मोजले तेवढे तर आहेत ना?” तिनं विचारलं. आहेत. नावानिशी आहेत.

गोधड्या वाळायला टाकल्या होत्या. बांधाच्या उतारावर, बेशरमाच्या झुडपांवर, दगडांवर. बांधावर चढून बघितलं तर एका बाजूला तळ्याचं करडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हा हिरवा-लाल-पिवळा सगळा उतार. दोन टिटव्या त्यावरून ओरडत फिरत होत्या, त्यांची बसायची जागा गेली होती.

शेवटची एक गोधडी राहिली होती. आत्याबाई ती दरवर्षी शेवटीच घेतात. मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मामांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची बाकी अंथरुणं रीतीप्रमाणं देऊन टाकली, ही राहिली. वापरत कुणी नाही. पेटीत असते, दसऱ्याला निघते, धुतली जाते, पुन्हा पेटीत जाते. मैल तिला काय असणार, पण त्या बाकीच्यांइतकंच बडवतात.

पिळायला दोघी लागतात. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. त्या उजवीकडं पिळतात, मी डावीकडं. सुरुवातीच्या वर्षी मला हे कळत नव्हतं, मी त्यांच्याच दिशेला फिरवायची आणि गोधडी नुसती लोंबत राहायची. आता सांगावं लागत नाही. पीळ मधे जमायला लागला, पाणी धार लागून खाली पडू लागलं आणि दगडावरून नदीत.

लेक वही घेऊन आली. पेन्सिल कानावर.

“आजी, आजोबांची मोजायची का?”

आत्याबाईंनी टोक आणखी एकदा हाताला गुंडाळलं.

“तू आधी मधी धर,” त्या म्हणाल्या. “जड हाये.”